आमचा कॅचर मीच पोचवून आले

आमच्या टीममध्ये दोष काढायला भरपूर जागा होती, पण ते दुसऱ्या कोणी काढलेले मला खपत नसत. स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावात येऊन मला जेमतेम एक वर्ष झालं होतं आणि मी बेसबॉलबद्दल हे असं बोलायला लागले होते, याचं नवऱ्याला फार हसू यायचं. साल २००७. तो युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता आणि मी त्याच्या व्हिसाला जोडून आलेली, नोकरी करायची परवानगी नसलेली बायको. सांगलीत मी ज्युनिअर कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. दिवसाला चार तास, वर पेपरांचे गठ्ठे. इथे सकाळी दहापर्यंत घर आवरून व्हायचं आणि मग संध्याकाळपर्यंत करायला काही नसायचं. मी स्वभावानं शांत बाई नाही. रिकामी बसले की भांडायला कारण शोधते, आणि घरात भांडायला माणूस एकच होता.

त्यानंच जूनमध्ये लॅबमधल्या कुणीतरी दिलेलं मॅचचं एक तिकीट माझ्यासमोर ठेवलं. मला एक्सपेरिमेंट आहे, तू जाऊन ये, बस अगदी दारात सोडते, असं म्हणाला. मला घराबाहेर काढण्यात त्याचा स्वार्थ होता हे मला तेव्हाच कळलं होतं, पण मी गेले.

बेसबॉलमध्ये मोठ्या शहरांच्या टीम असतात, त्या टीव्हीवर दिसतात. त्यांच्या खाली लहान गावांच्या टीम असतात, एकीखाली एक, जिन्यासारख्या. आमची टीम त्या जिन्याची सगळ्यांत खालची पायरी होती. कॉलेजातून नुकती आलेली पोरं इथे खेळायची आणि ज्याचं बरं चाललंय त्याला वरची टीम उचलून न्यायची. सीझन जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे एवढासा, पण मॅच जवळजवळ रोज. मागे हिरवागार डोंगर, पुढे मैदान, आणि खुर्च्यांवर निवांत बसलेली, मॅचकडे अर्धं आणि खाण्याकडे पूर्ण लक्ष असलेली माणसं. माझे वडील आमच्या तालुक्याच्या क्रिकेट क्लबचे स्कोअरर होते. त्यामुळे कोणी काही खेळतंय आणि मी ते लिहून घेत नाही, हे मला जमेना. दुसऱ्या मॅचला मी सांगलीहून आणलेली फुलस्केप वही आणि पेन्सिल घेऊन गेले.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसायचे. जन्मभर पोस्टात नोकरी करून रिटायर झालेले. तेही स्कोअर लिहायचे. आम्ही दोघांनी एकमेकांच्या वहीत डोकावून पाहिलं आणि तिथेच ओळख झाली. त्यांनी मला पहिल्या नावानं हाक मार म्हणून सांगितलं. माझ्या वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला मी तशी हाक कशी मारणार. मी त्यांना काका म्हणायला लागले. त्याचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, मग तिला काकू म्हणणं आलंच. खेळातल्या खाचाखोचा मला काकांनी शिकवल्या. त्या बदल्यात माझी कुचकी टीका त्यांना ऐकून घ्यावी लागायची.

आणि टीका करण्यासारखी आमची टीम होतीच. एक पिचर, म्हणजे आपला बोलर, होता, सहा फूट चार इंच उंच. त्याचा बॉल भयंकर वेगात यायचा, फक्त कुठे येणार हे त्यालाही माहीत नसायचं. मी त्याचं नाव उंट ठेवलं. फर्स्ट बेसवरचा पोरगा अखंड सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि फोलपटं थुंकायचा. त्याच्या हातून कॅच सुटला की दोष नेहमी ग्लोव्हचा. नाचता येईना अंगण वाकडं. आउटफिल्डला एक होता, त्याला सही करायलाच मोठ्या टीमनं म्हणे रग्गड पैसे दिले होते. तो ओळीनं तीन दिवस आउट झाला तरी चौथ्या दिवशी त्याची जागा पक्की. त्याला मी जावई म्हणायचे, कारण त्याची बडदास्त तशीच होती. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर, मात्र सोन्यासारखा. लांबून बॉल दिसला की अंगाची पर्वा न करता झोकून द्यायचा, उठताना पँट झटकायचा आणि कानकोंडा हसायचा.

पण माझा खरा जीव होता कॅचरवर. कॅचर म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, फक्त तो सारी मॅच उकिडवा बसून काढतो. बॅटिंग करणाऱ्याच्या मागे बसायचं, पिचरनं कुठला बॉल टाकायचा ते मांड्यांच्या आड बोटांनी खुणावायचं आणि आलेला बॉल झेलायचा. आमचा कॅचर चोवीस वर्षांचा होता. या टीममध्ये सगळ्यांत मोठा, म्हणून मी त्याला थोरला म्हणायचे. धावायला जड, बॅटिंग बेताची. पण उंटाचं डोकं फिरलं की हा उठून त्याच्यापाशी जायचा, काहीतरी दोन शब्द बोलायचा, आणि पुढचे बॉल सरळ पडायचे. माझ्या वहीत ते दिसायचं. तो मागे बसला असताना आमचे पिचर किती रन देतात आणि दुसरा बसला की किती, हे मी लिहून ठेवलं होतं आणि काकांना रोज दाखवत होते.

या पोरांचे पगार इतके बेताचे की गावातली घरं त्यांना उन्हाळाभर आपल्याकडे ठेवून घेतात, ही तिकडची रीतच आहे. काका-काकूंच्या वरच्या मजल्यावर थोरला आणि शॉर्टस्टॉप राहत होते. थोरल्याचा तिथला हा दुसरा उन्हाळा. त्यामुळे ज्यांना मी खुर्चीतून नावं ठेवायचे त्यांतले दोघं मला रविवारी काकांच्या व्हरांड्यात पॅनकेक खाताना भेटायचे आणि मला मॅडम म्हणायचे.

स्टेडियमच्या गेटपाशी एका काचेच्या पेटीत त्या दिवशीच्या टीमची यादी लावलेली असायची. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी ती वाचली आणि शॉर्टस्टॉपचं नाव नाही. मी तीनदा वाचली. यादीत नाव नसणं म्हणजे काय, हे माझ्या पिढीच्या कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. कॉलेजच्या फळ्यावरची अ‍ॅडमिशनची यादी, निवड समितीची यादी. नाव नाही म्हणजे संपलं, घरी जाऊन तोंड लपवायचं. काका त्या दिवशी मॅचला आले नव्हते. मला खात्रीच पटली. एवढा चांगला पोरगा, आणि काढला त्याला. जावई मात्र यादीत तिसऱ्या नंबरवर झळकत होता. संतापानं मी त्या मॅचचा स्कोअरसुद्धा लिहिला नाही, अर्ध्यातून बस पकडून घरी आले.

आमच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्यांनी कडू घास न्यायचा असतो. पिठलं-भाकरी, साधं, वर गोड काही नाही. फ्रीझरमध्ये ज्वारीचं पीठ होतं. न्यू जर्सीहून मित्राकरवी आणवलेलं, मी ते अगदी पुरवून पुरवून वापरायचे. त्या दिवशी सगळं काढलं. बारा भाकऱ्या थापल्या, बेसनाचं दाटसर पिठलं केलं, नवऱ्याला लॅबमधून बोलावून घेतलं आणि वाटेत बजावलं की उगाच हसू नकोस, जास्त बोलू नकोस.

काकांच्या घरी आम्ही खालमानेनं शिरलो. मी काकूंचा हात हातात घेतला. नवऱ्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्याकडे म्हणतात तसं काहीतरी, देवाची इच्छा वगैरे, इंग्रजीत म्हणाला. काका आमच्या तोंडाकडे बघत राहिले. तेवढ्यात शॉर्टस्टॉप धडधडत जिना उतरून आला, दोन्ही हातांत बॅगा आणि तोंड आनंदानं फुललेलं. त्याला वरच्या टीमनं बोलावलं होतं. तासाभरात त्याची गाडी निघणार होती.

आम्हाला खुर्चीवरून उठता येईना आणि बसवेना. शेवटी मी हे जेवण कशाचं आहे ते खरं खरं सांगून टाकलं. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी भाकरी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, हे खायचं कसं. शॉर्टस्टॉपनं उभ्या उभ्या दोन भाकऱ्या संपवल्या. थोरल्यानं चार. काकांचं मत पडलं की आम्ही चुकलो नाही. त्याच्या दृष्टीनं आनंद आहे, पण आपल्यासारख्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या दृष्टीनं एक शॉर्टस्टॉप गेलाच की. तेव्हा दोन्हीला चालेल असं हे जेवण आहे.

झालं. तेव्हापासून रिवाजच पडला. कुणाला वरच्या टीमनं नेलं की काकांचा फोन यायचा: ते पिवळं कर. फर्स्ट बेसवाला गेला तेव्हा केलं. जावई गेला तेव्हाही केलं, तो जाणारच होता. ऑगस्टच्या मध्यात उंट गेला तेव्हा मला रडूच आलं. एवढा उन्हाळाभर खस्ता खाऊन त्याला सरळ टाकायला शिकवला आणि आता तो वरच्या टीमच्या कामाला येणार. आम्ही मशागत करायची आणि पीक त्यांनी न्यायचं. गेलेल्यांच्या जागी नवी, आणखी लहान पोरं यायची, आणि त्यांना नावं ठेवायला मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. तरीही आमची टीम जिंकत होती, आमच्या गटात पहिल्या नंबरासाठी झुंजत होती, आणि त्याचं कारण माझ्या मते एकच होतं. मागे थोरला बसलेला होता.

दर वेळच्या पिठल्याला थोरला हजर असायचा. दुसऱ्यांच्या बॅगा गाडीत ठेवायचा, त्यांना मिठी मारायचा आणि आत येऊन जेवायला बसायचा.

एका रविवारी तो मॅचला लवकर गेला होता, तेव्हा काकांनी मला समजावून सांगितलं. तळाच्या पायरीवर दुसरं वर्ष काढणारे फार नसतात, तिसरं कुणीच काढत नाही. या सीझनमध्ये त्याला वरून बोलावणं आलं नाही तर थंडीत एक पत्र येईल आणि त्याचा बेसबॉल संपेल. गावी मेव्हण्याचा छपरं घालायचा धंदा आहे, तिथे त्याची जागा ठरलेली आहे. हे सगळं थोरल्याला माहीत होतं. काकांना, काकूंना माहीत होतं. फक्त मलाच माहीत नव्हतं, आणि मी रोज त्यांच्यासमोर वही नाचवत होते की बघा, हा असला तर आपण कसे जिंकतो.

त्यानंतर माझी झोप उडाली असं म्हणणार नाही, पण जेवण गोड लागेना. कारण मला माझंच एक लक्षात आलं. रोज दुपारी गेटपाशी यादी वाचताना मी आधी कॅचरचं नाव शोधायचे आणि ते सापडलं की मला हायसं वाटायचं. तो गेला नाही, आपला आहे, आज आपण जिंकणार. दुसऱ्याचं नशीब अडकून पडलंय आणि मला त्याचा आनंद. आता कळल्यावरही तो आनंद जात नव्हता, हे सगळ्यांत वाईट. मी नवऱ्याला सांगितलं. तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "अगं, तू फॅन आहेस यार, त्याची आई नाहीस. फॅननं टीमचाच विचार करायचा असतो." उत्तर बरोबर होतं, पण माझ्या काही पचनी पडलं नाही.

सप्टेंबरचा पहिला रविवार उजाडला. सीझनची शेवटची दुपार. आम्ही आणि दुसरी एक टीम अगदी बरोबरीत होतो आणि मॅच त्यांच्याशीच, आमच्या मैदानावर. जिंकलो तर पहिला नंबर. मी आदल्या दिवशीच पेन्सिलींना टोक करून ठेवलं होतं. सकाळी साडेआठला काकांचा फोन आला. मला वाटलं, ते लवकर निघायचं म्हणतायत.

वरच्या टीमच्या कॅचरचं बोट मोडलं होतं. त्यांची मॅच त्याच दिवशी संध्याकाळी, तीन तासांवरच्या गावात, आणि दुपारी एकच्या आत पोच म्हणून थोरल्याला निरोप होता. नाही पोचला तर ते दुसऱ्या टीमकडून दुसरा मागवणार होते. बस संध्याकाळशिवाय नव्हती. टीमचे लोक गाडीची व्यवस्था करतो म्हणत होते, पण शेवटच्या मॅचच्या गडबडीत कुणाचाच पत्ता लागत नव्हता. थोरल्याची जुनी गाडी महिन्यापूर्वीच बंद पडली होती. काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते आणि काकू हायवेवर गाडी चालवत नसत.

"तुझ्याकडे लायसन्स आहे ना?" काकांनी विचारलं.

लायसन्स होतं. मिळून पाच आठवडे झाले होते. तेवढ्यात मी दुकान, लायब्ररी आणि एकदा चुकून दुसऱ्या गावापर्यंत, एवढीच गाडी चालवली होती. नवरा पहाटेच लॅबला गेला होता आणि आमची गाडी त्याच्याकडे. म्हणजे काकांची गाडी चालवायची, जी आमच्या स्वयंपाकघराएवढी होती. मी फोन हातात धरून उभी राहिले आणि खरं सांगायचं तर गाडीचा विचार मागाहून आला. आधी मनात आलं, आज? आजच? मॅच झाल्यावर नाही का जमणार? आणि पुढच्याच क्षणाला माझी मलाच इतकी लाज वाटली की मी हो म्हणून फोन ठेवला. नवऱ्याच्या फोनवर निरोप ठेवला, आदल्या दिवशीची थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळली आणि काकांच्या घराकडे चालत सुटले.

काकूंनी थोरल्याच्या दोन्ही गालांचे पापे घेतले. काका एका डोळ्यावर पट्टी घेऊन फाटकापाशी उभे होते, त्यांनी नुसता हात हलवला. मी गाडी मागे घेताना त्यांची टपालपेटी थोडी वाकवली. पोस्टातल्या माणसाची टपालपेटी.

गावातले रस्ते संपले आणि हायवेवर चढायचा उतार आला. डावीकडून ट्रकच्या रांगा येत होत्या, एकेक चाक माझ्या खांद्याएवढं. मी गाडी जवळजवळ थांबवली. मागून हॉर्न वाजायला लागले. मला रस्त्यातलं काही दिसेनासं झालं होतं. तेव्हा थोरला बोलला, अगदी हळू, मॅचमध्ये तो पिचरपाशी जाऊन बोलत असेल तसा. आरशात बघू नका, ते मी बघतो, म्हणाला. तुम्ही फक्त पुढे बघा. मग मान मागे वळवून बसला आणि सांगायला लागला. हा जाऊ दे. हाही जाऊ दे. थोडा स्पीड वाढवा. आता.

मी ट्रकच्या ओळीत शिरले होते आणि गाडी धावत होती. पुढचा सगळा रस्ता त्यानं मला तसाच पार करून दिला. कुठे लेन बदलायची, कुठे नाही, कुणाला पुढे जाऊ द्यायचं. एकदाही आवाज चढला नाही, एकदाही तो दचकला नाही, आणि दचकण्यासारखं मी पुष्कळ केलं. उन्हाळाभर मी वहीत आकडे लिहून सिद्ध करत होते की हा मागे असला की पिचर शहाण्यासारखे वागतात. ते का, हे मला त्या दिवशी स्टिअरिंग हातात असताना कळलं.

तासाभरानं रस्ता मोकळा झाला. त्यानं थालीपिठं उघडली, एक खाल्लं, दुसरं खाल्लं, आणि खातच राहिला. मला राहवेना. मी सांगून टाकलं. रोज गेटपाशी तुझं नाव यादीत सापडलं की मला बरं वाटायचं, आजही सकाळी फोन आल्यावर पहिला विचार मॅचचा आला, मला माफ कर.

त्यानं हातातलं थालीपीठ खाली ठेवलं. मला वाटलं, दुखावला.

"मॅडम, मी दर वेळी ते पिवळं खायला बसायचो ना," तो म्हणाला, "तेव्हा पहिल्या घासाला मनात यायचं, आज याचं पोट बिघडावं, बस चुकावी, काहीतरी व्हावं आणि माझा नंबर लागावा. सगळे माझे मित्र. दुसऱ्या घासाला बरं वाटायचं. म्हणून मी खूप खायचो."

मी इतकी हसले की गाडी लेन सोडून चालली. तो शांतपणे म्हणाला, डावीकडे थोडी. मग आम्ही दोघांनी मिळून उरलेल्या टीमची यथेच्छ उणीदुणी काढली. जावयाला वर जाऊनही बॉल दिसत नाहीये, ही बातमी त्यानं मला दिली. मला फार समाधान वाटलं.

साडेबाराला त्या गावात पोचलो. स्टेडियम आमच्यापेक्षा मोठं, गेटवर टोपी घातलेला एक माणूस घड्याळ बघत उभा होता. थोरल्यानं बॅग खांद्यावर टाकली, खिडकीतून वाकून मला थँक यू म्हटलं आणि परतीच्या वाटेवर हायवेला कुठून चढणं सोपं आहे ते सांगितलं. मग तो आत गेला. पुढे त्याचं काय झालं, ते इथेच सांगते. त्यानं त्या पायरीवर आणखी दोन उन्हाळे काढले, त्यावर काही त्याला चढता आलं नाही. आता तो गावी मेव्हण्याबरोबर छपरं घालतो आणि संध्याकाळी शाळेच्या पोरांना कॅचिंग शिकवतो. पण हे त्या दुपारी कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला वाटतं, माहीत असतं तरी त्यानं एकपर्यंत पोचायची तेवढीच धडपड केली असती.

परतीला मी एकटी. हायवेवर चढताना 'हा जाऊ दे, हाही जाऊ दे, आता' असं स्वतःशीच मराठीत मोठ्यानं म्हणाले आणि चढले. अर्ध्या वाटेवर आमच्या गावाचं रेडिओ स्टेशन खरखरत लागायला लागलं. नवांपैकी सहावी इनिंग चालू होती आणि आम्ही एका रननं पुढे होतो. थोरल्याच्या जागी एकोणीस वर्षांचं पोरगं होतं, आठ दिवसांपूर्वी टीममध्ये आलेलं. आठव्या इनिंगला मला चालवता चालवता ऐकवेना, मी एका विश्रांतीच्या थांब्यावर गाडी लावली. पिचर बिथरला होता. कुणी त्याच्यापाशी जाऊन दोन शब्द बोलेना. एक बॉल त्या पोराच्या हाताखालून मागे गेला, त्यांचे दोन रन निघाले, आणि तेवढ्यावर मॅच गेली. पहिला नंबर गेला. सांगलीच्या भाषेत मी त्या पोराला जे म्हणायचं ते म्हटलं, गाडीच्या काचा बंद होत्या. आणि मग माझ्या लक्षात आलं की मला वाईट वाटतंय, पण पुरेसं वाटत नाहीये. दोन महिने जिवाला लावून घेतलेली गोष्ट हातातून गेली होती आणि मी आरशात पाहिलं तर माझा चेहरा चांगला प्रसन्न होता.

काकांच्या फाटकात गाडी लावली तेव्हा ऊन अजून होतं. काका व्हरांड्यात बसले होते, शेजारी रेडिओ, बंद केलेला. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी गाडीकडे एका डोळ्यानं पाहिलं, चारी बाजू शाबूत आहेत का ते.

"तू त्याला नेलं नसतंस, तर आज आपण जिंकलो असतो," ते म्हणाले.

"हो."

"बरं केलंस."

आम्ही पुढे काही बोलणार एवढ्यात आत फोन वाजला. काकू घेऊन ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता एकेक शब्द ओरडून आमच्यापर्यंत पोचवत होत्या. थोरल्याची आई होती. त्याला आज पहिल्यापासून खेळवणार होते. सातव्या नंबरला बॅटिंग. यादी लागली होती. आई आणि मेव्हणा आत्ता निघाले तरी पोचणार नव्हते, म्हणून ती घरभर नुसत्या येरझाऱ्या घालत होती आणि दिसेल त्याला फोन करत होती. मग काकूंनी फोन माझ्या हातात दिला. तिला गाडी चालवणारीशी बोलायचं होतं.

तिनं पहिलं विचारलं, वाटेत त्यानं काही खाल्लं का. मी म्हटलं, सहा थालीपिठं. थालीपीठ म्हणजे काय ते तिनं विचारलं नाही, सहा ऐकून तिचं समाधान झालं. मग तिला आठवलं की आज आमचीही मॅच होती, पहिल्या नंबराची. तिनं काळजीनं विचारलं, तुमच्या टीमचं काय झालं. हरलो, मी सांगितलं. पण मी ते इतक्या आनंदात सांगितलं असावं की तिला वाटलं आम्ही जिंकलो, आणि तिनं माझं मनापासून अभिनंदन केलं. मी थँक यू म्हटलं.